लिपिचिन्हांचे शब्दांतर्गत वितरण

लिपिचिन्हांचे शब्दांतर्गत वितरण : लेखनातील चिन्हे शब्दाच्या आरंभी, मध्ये व अंती किती वेळा येतात आणि एका चिन्हानंतर दुसरे कोणते चिन्ह येते, यांबाबत आढळणारी सांख्यिकीय नियमितता. कोणत्याही लिपीतील चिन्हे शब्दांत वाटेल तशी विखुरलेली नसतात. काही चिन्हे पदोपदी आढळतात, तर काही क्वचितच. काही जवळजवळ नेहमी शब्दारंभी येतात, तर काही शब्दारंभी कधीच येत नाहीत. ही नियमितता प्रामुख्याने चार कारणांनी उत्पन्न होते : भाषेची ध्वनिव्यवस्था, उपसर्ग-प्रत्यय लावून शब्द सिद्ध करण्याची तिची पद्धती, लिपीची अंगभूत रचना आणि शुद्धलेखनाचे संकेत. लिहिणाऱ्याला तिची जाणीव असतेच असे नाही. त्यामुळे मजकुराचा अर्थ ठाऊक नसतानाही केवळ चिन्हांच्या मोजणीवरून लिपी व भाषा यांविषयी काही अनुमाने करता येतात. गुप्तलेखांची उकल आणि अज्ञात लिपींचे वाचन ही दोन क्षेत्रे ह्याच तत्त्वावर उभी आहेत. मात्र अशा मोजणीने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न विशेषतः सिंधू लिपीच्या संदर्भात वादाचा ठरला आहे.

वितरणाची अंगे : चिन्हांच्या वितरणाचा विचार तीन अंगांनी केला जातो. पहिले अंग वारंवारतेचे. दीर्घ मजकुरात प्रत्येक चिन्ह एकंदरीत किती वेळा येते, हे त्यावरून कळते. दुसरे अंग स्थानाचे. तेच चिन्ह शब्दाच्या आरंभी, मध्ये व अंती किती प्रमाणात येते, हे त्यात पाहिले जाते. तिसरे अंग सान्निध्याचे. कोणती दोन वा तीन चिन्हे एकापुढे एक येतात व कोणती येत नाहीत, ह्याची नोंद त्यात होते. ही तिन्ही अंगे परस्परांहून भिन्न आहेत. उदा., इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर एकूण वारंवारतेत सर्वांत पुढे आहे. तथापि शब्दारंभी सर्वांत अधिक वेळा येणारे अक्षर ‘टी’ हे होय. ‘क्यू’ ह्या अक्षरानंतर जवळजवळ नेहमी ‘यू’ येते, म्हणजे ‘क्यू’ दिसल्यावर पुढील अक्षराविषयी फारशी अनिश्चितता उरत नाही.

काही लिपींत चिन्हाचे रूपच त्याच्या स्थानानुसार बदलते. अरबी लिपीतील बहुतेक अक्षरांना आरंभीचे, मधले, अंतीचे व सुटे अशी चार रूपे आहेत. हिब्रूतील पाच अक्षरे शब्दान्ती निराळ्या आकारात लिहिली जातात. ग्रीकमधील ‘सिग्मा’ ह्या अक्षरालाही शब्दान्ती वेगळे रूप आहे. अशी दोन रूपे एकाच जागी कधीच येत नाहीत. भाषाविज्ञानात ह्याला पूरक वितरण म्हणतात. लिपी अज्ञात असेल, तर पूरक वितरणात असणारी दोन सदृश चिन्हे ही मुळात एकाच चिन्हाची रूपे असावीत, अशी शंका घेण्यास जागा असते.

मराठीतील वितरण : देवनागरी लिपीत लिहिलेल्या मराठीत वर उल्लेखिलेली चारही कारणे स्पष्ट दिसतात. ध्वनिव्यवस्थेमुळे ‘ण’ व ‘ळ’ ही अक्षरे मराठी शब्दांच्या आरंभी सहसा येत नाहीत. शब्दाच्या मध्ये व अंती मात्र ती विपुल आढळतात. ‘ङ’ व ‘ञ’ ही अक्षरे आरंभी तर येतच नाहीत आणि त्यांच्या जागी बहुधा अनुस्वार लिहिला जात असल्याने मध्येही क्वचितच दिसतात. ‘वाङ्मय’ हा शब्द त्यास अपवाद म्हणून दाखविता येतो.

लिपीच्या रचनेचा परिणाम स्वरचिन्हांच्या बाबतीत दिसतो. देवनागरीत व्यंजनानंतरचा स्वर मात्रा, काना, वेलांटी किंवा उकार ह्यांनी दाखविला जातो. त्यामुळे ‘अ’, ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ अशी स्वतंत्र स्वरचिन्हे प्रामुख्याने शब्दारंभी येतात. शब्दाच्या पोटात ती येतात, ती एका स्वरानंतर लगेच दुसरा स्वर आला तरच, उदा., ‘आई’, ‘पाऊस’, ‘देऊळ’. देवनागरी मुळीच ठाऊक नसलेल्या एखाद्या अभ्यासकाने मराठी पुस्तकातील चिन्हे केवळ मोजली, तरी शब्दारंभी गर्दी करणारा हा लहानसा चिन्हसमूह त्याच्या नजरेत भरेल. पुढे वर्णिलेल्या ‘लिनीअर बी’ लिपीच्या वाचनात नेमकी अशीच एक खूण उपयोगी पडली.

शब्दसिद्धीच्या पद्धतीमुळे मराठी शब्दाचे दोन टोकांचे वितरण असमान होते. शब्दाचा आरंभ बहुतेक कोणत्याही व्यंजनाने होऊ शकतो. शब्दान्ती मात्र ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘ची’, ‘चे’, ‘त’ ह्यांसारखे विभक्तिप्रत्यय व क्रियापदांचे प्रत्यय पुनःपुन्हा येतात. म्हणून आरंभीच्या चिन्हांत विविधता अधिक आणि अंतीच्या चिन्हांत ती कमी असते. ज्या भाषांत प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, त्या भाषांच्या लेखनात असा कल सामान्यतः आढळतो.

शुद्धलेखनाचे संकेत वितरणावर किती खोल ठसा उमटवितात, ह्याचेही उदाहरण मराठीत आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. त्यांनुसार शब्दाच्या अंतीचे इकार व उकार दीर्घ लिहावयाचे ठरले आणि ‘कवि’, ‘गुरु’ ह्यांसारखे शब्द मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ असे लिहिले जाऊ लागले. ‘आणि’, ‘परंतु’ ह्यांसारखी थोडी अव्यये वगळता शब्दान्तीची ऱ्हस्व वेलांटी जवळजवळ नाहीशी झाली. उच्चारात न येणारे अनुस्वारही ह्याच नियमांनी गळले. ‘केलें’, ‘झालें’, ‘नांव’ ही रूपे मागे पडली. पुढे कथा-कादंबऱ्यांतील संवादांत ‘केलं’, ‘झालं’ अशी बोलभाषेची रूपे रूढ झाल्याने शब्दान्तीचा अनुस्वार निराळ्या वाटेने परत आला व तो अनौपचारिक लेखनाची खूण बनला. केवळ शब्दान्तीच्या वेलांट्या व अनुस्वार मोजून मराठी मजकूर साधारणतः कोणत्या काळातला व कोणत्या लेखनप्रकारातला असावा, ह्याचा अंदाज करता येतो. भाषा तीच असताना वितरण बदलले, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मोडी लिपीतील दप्तरांची स्थिती ह्याहून वेगळी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही. शिवाय आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाण्याची पद्धत असल्याने शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसते. अशा लेखनात शब्दांतर्गत स्थान मोजण्यापूर्वी शब्द सोडवून घ्यावे लागतात आणि त्यासाठी भाषा अवगत असावी लागते. अज्ञात लिपींच्या अभ्यासातील एक मोठी अडचण ह्यावरून ध्यानात येते.

मोजणीचा इतिहास : अक्षरांच्या वारंवारतेचा पद्धतशीर उपयोग अरब विद्वानांनी प्रथम केला. नवव्या शतकात बगदाद येथील तत्त्वज्ञ अल्-किंदी (सु. ८०१–८७३) याने गुप्तलेखांच्या उकलीवरील आपल्या ग्रंथात असे सांगितले, की ज्या भाषेत गुप्तलेख असेल त्या भाषेतील एखाद्या साध्या मजकुरातील अक्षरे मोजावीत, गुप्तलेखातील चिन्हेही मोजावीत आणि वारंवारतेच्या क्रमाने त्यांची परस्परांशी जोडी लावावी. एका अक्षराच्या जागी नेहमी एकच चिन्ह योजणारे गुप्तलेखन ह्या पद्धतीपुढे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात तारायंत्रासाठी मॉर्स संकेतावली तयार करताना इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत देण्यात आले. ‘ई’साठी एक टिंब व ‘टी’साठी एक रेघ ही योजना त्यामुळेच झाली.

अक्षरांच्या सान्निध्याचा गणिती अभ्यास रशियन गणितज्ञ आंद्रे मार्कॉव्ह (१८५६–१९२२) याने १९१३ मध्ये मांडला. त्याने पुश्किनच्या येव्गेनी ओनेगिन ह्या पद्य कादंबरीतील ओळीने २०,००० अक्षरे घेऊन स्वर व व्यंजने हाताने मोजली. त्यांत ८,६३८ स्वर व ११,३६२ व्यंजने भरली. म्हणजे कोणतेही अक्षर स्वर असण्याची संभाव्यता ०·४३२ आली. अक्षरे परस्परनिरपेक्ष असती, तर मागचे अक्षर कोणतेही असो, ही संभाव्यता तेवढीच राहिली असती. प्रत्यक्षात स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची संभाव्यता ०·१२८, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ०·६६३ असल्याचे आढळले. ज्यांत प्रत्येक घटना तिच्या आधीच्या घटनेवर अवलंबून असते अशा घटनामालिकांना पुढे ‘मार्कॉव्ह साखळी’ हे नाव मिळाले. स्वर व व्यंजने आलटून पालटून येण्याच्या ह्याच प्रवृत्तीचा आधार घेऊन अज्ञात वर्णलिपीतील स्वरचिन्हे वेगळी काढण्याची रीत रशियन भाषावैज्ञानिक सुखोटिन याने १९६२ मध्ये सुचविली.

अमेरिकन गणितज्ञ व अभियंता क्लॉड शॅनन (१९१६–२००१) याने १९४८ मध्ये माहिती सिद्धांत मांडला आणि १९५१ मध्ये छापील इंग्रजीच्या अनिश्चिततेचे मापन प्रसिद्ध केले. ह्या अनिश्चिततेच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात व ती ‘बिट’ ह्या एककात मोजतात. इंग्रजीतील २६ अक्षरे समान प्रमाणात येत असती, तर प्रत्येक अक्षरामागे ४·७० बिट एवढी अनिश्चितता राहिली असती. अक्षरांची खरी वारंवारता जमेस धरल्यास ती ४·१४ होते; मागचे एक अक्षर ठाऊक असल्यास ३·५६ आणि मागची दोन अक्षरे ठाऊक असल्यास ३·३ एवढी उरते. मागील दीर्घ मजकूर वाचलेल्या माणसाला पुढचे अक्षर ओळखावयास लावून शॅननने ही अनिश्चितता ०·६ ते १·३ बिट इतकी खाली येत असल्याचे दाखविले. लेखनातील बराचसा भाग अंदाजाने भरून काढता येण्याजोगा असतो, असा ह्याचा अर्थ. मुद्रणदोष असलेला किंवा फाटलेला मजकूर वाचता येतो, तो ह्यामुळेच.

लिपीच्या प्रकाराचे अनुमान : अज्ञात लिपीतील भिन्न चिन्हांची एकूण संख्या हा तिच्या प्रकाराचा पहिला पुरावा असतो. एका चिन्हाने एकच वर्ण दाखविणाऱ्या लिपींत साधारणतः २० ते ४० चिन्हे असतात. एका चिन्हाने पूर्ण अवयव दाखविणाऱ्या लिपींत ती सामान्यतः ५० ते १०० च्या आसपास असतात. शब्दचिन्हे व ध्वनिचिन्हे ह्यांचे मिश्रण असलेल्या लिपींत ती शेकड्यांनी व चिनी लिपीसारख्या उदाहरणात हजारांनी भरतात. ईजिप्तच्या चित्रलिपीच्या बाबतीत झां फ्रांस्वा शांपॉल्याँ (१७९०–१८३२) याने रोझेटा शिलालेखावर अशीच मोजणी केली. शिल्लक राहिलेल्या चित्रलिपीच्या भागात १,४१९ चिन्हे, तर त्यास संवादी ग्रीक मजकुरात अवघे ४८६ शब्द भरले. एक चिन्ह म्हणजे एक शब्द, ही जुनी समजूत ह्या आकड्यांनी टिकेनाशी झाली.

अज्ञात लिपींचे वाचन : ब्राह्मी लिपीच्या वाचनात चिन्हांच्या स्थानाचा पुरावा निर्णायक ठरला. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) याने आधी अलाहाबाद स्तंभावरील लेखाची अक्षरे स्वरखुणांनुसार लावून त्यांचा तक्ता तयार केला होता. १८३७ मध्ये सांची स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे त्याच्यासमोर आले, तेव्हा त्यांतील बहुतेक सर्व लेख त्याच दोन अक्षरांनी संपत असल्याचे त्याला दिसले. हे लेख एका सलग मजकुराचे तुकडे नसून निरनिराळ्या व्यक्तींनी दिलेल्या दानांच्या नोंदी असाव्यात, असा तर्क करून त्याने ती दोन अक्षरे ‘दानं’ अशी वाचली. त्यांच्या अगोदर वारंवार येणारे अक्षर हा षष्ठीचा ‘स’ हा प्रत्यय असल्याचेही त्याने ओळखले. ह्या अक्षरांच्या आधारे उरलेली लिपी लवकरच वाचता आली आणि सम्राट अशोकाचे लेख प्रकाशात आले. महाराष्ट्रात कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवरील लेखांतही दानाची हीच शब्दयोजना आढळते.

सिरियातील रास शाम्रा येथे १९२९ मध्ये सापडलेल्या उगारिटी मृत्तिकापट्टांवर ३० चिन्हांची कीलाकृती लिपी होती आणि शब्द लहान उभ्या खुणेने वेगळे केलेले होते. शब्द आखूड असल्याने ही केवळ व्यंजने लिहिणारी लिपी असावी व भाषा सेमिटिक असावी, असे गृहीत धरून हान्स बाउअर (१८७८–१९३७) ह्या जर्मन विद्वानाने तीन याद्या केल्या : शब्दारंभी विशेषेकरून येणारी चिन्हे, शब्दान्ती येणारी चिन्हे आणि एकटीच शब्द म्हणून येणारी चिन्हे. सेमिटिक भाषांत कोणती व्यंजने उपसर्ग, प्रत्यय व एकाक्षरी शब्द म्हणून येतात, हे ठाऊक असल्याने त्याने ह्या याद्या परस्परांशी ताडून पाहिल्या. त्याची काही अनुमाने चुकली व ती एद्वार दोर्म ह्या फ्रेंच विद्वानाने दुरुस्त केली. तरी लिपीचे वाचन १९३० मध्येच, म्हणजे वर्षभरात, जवळजवळ पूर्ण झाले.

क्रीट बेटावरील नॉसस येथे आर्थर एव्हान्झ याला १९०० मध्ये सापडलेली ‘लिनीअर बी’ ही लिपी अर्धशतक वाचता आली नाही. तिच्यात सुमारे ९० अवयवचिन्हे असून शब्द लहान उभ्या रेघांनी वेगळे केलेले आहेत. त्यामुळे चिन्हांचे शब्दांतर्गत स्थान निश्चित करता येत होते. अमेरिकन विदुषी अ‍ॅलिस कोबर (१९०६–५०) हिने काही शब्द आरंभी तेच राहून अंती ठराविक पद्धतीने बदलतात, हे दाखविले व भाषा विकारयुक्त असल्याचे प्रस्थापित केले. इंग्लंडमधील वास्तुशिल्पज्ञ मायकेल व्हेंट्रिस (१९२२–५६) याने प्रत्येक चिन्ह आरंभी, मध्ये व अंती किती वेळा येते ह्याची कोष्टके केली. दुधारी कुऱ्हाडीच्या आकाराचे चिन्ह शब्दारंभी अतिशय वारंवार व अन्यत्र क्वचित येत होते. ज्या लिपीत इतर चिन्हे व्यंजन अधिक स्वर दाखवितात, त्या लिपीत असे चिन्ह शुद्ध स्वराचे असले पाहिजे, हे त्याने ताडले व त्यास ‘अ’ हे मूल्य दिले. दुसरे एक चिन्ह बहुधा शब्दान्ती जोडलेले आढळे. ते ‘आणि’ ह्या अर्थाचे पश्चलग्न अव्यय असावे, असे अनुमान निघाले व ते खरे ठरले. एकच व्यंजन वा एकच स्वर असलेली चिन्हे एका कोष्टकात बसविल्यावर व्हेंट्रिसने क्रीटमधील ‘अम्निसोस’ व ‘नॉसस’ ह्या स्थलनामांचा पडताळा घेतला. भाषा प्राचीन ग्रीक असल्याचे त्याने जुलै १९५२ मध्ये जाहीर केले. त्याने जॉन चॅडविक (१९२०–९८) याच्या सहकार्याने आपले विवेचन १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास पायलॉस येथील एका पट्टावर भांड्यांच्या चित्रांपुढे तिवई, चार कानांचे, तीन कानांचे व बिनकानांचे असे चित्रांशी तंतोतंत जुळणारे शब्द ह्याच मूल्यांनी वाचता आले. वितरणावरून काढलेले अनुमान स्वतंत्र पुराव्याने सिद्ध झाल्याचे हे उत्कृष्ट उदाहरण होय.

सिंधू लिपी : सु. इ. स. पू. २६०० ते १९०० ह्या काळातील सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लेख अद्यापि वाचता आलेले नाहीत. ते अतिशय आखूड असून एका लेखात सरासरी सुमारे पाच चिन्हे असतात. द्विभाषी लेख उपलब्ध नाही आणि शब्द वेगळे करणारी सर्वमान्य खूणही नाही. त्यामुळे येथे चिन्हांचे शब्दांतर्गत नव्हे, तर लेखांतर्गत स्थान मोजावे लागते. असा प्रयत्न हंटर याने १९३४ मध्ये केला. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट रशियातील व फिनलंडमधील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने मोजणी हाती घेतली. इरावतम् महादेवन् (१९३०–२०१८) यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीत ४१७ चिन्हे व २,९०६ लेख नोंदविले आहेत. लेख बहुतांशी उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असल्याचे त्यांतून पक्के झाले.

दोन्ही बाजूंस कानासारख्या रेषा असलेल्या भांड्याच्या आकाराचे चिन्ह सर्वांत अधिक आढळते. एकूण चिन्हसंख्येपैकी सुमारे दहावा हिस्सा ह्या एका चिन्हाचा असून ते बहुधा लेखाच्या अंती येते. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील निशा यादव, मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखांचे आरंभ व अंत ह्यांची तुलना केली. लेखारंभीच्या चिन्हांपैकी ८० टक्के भाग ८२ चिन्हांनी, तर लेखान्तीच्या चिन्हांपैकी तेवढाच भाग अवघ्या २३ चिन्हांनी व्यापलेला आढळला. लगतच्या चिन्हांच्या संभाव्यतेवरून संदिग्ध चिन्हे सुमारे ७५ टक्के अचूकतेने ओळखता येतात, असेही त्यांनी दाखविले. ह्यावरून चिन्हांची मांडणी यादृच्छिक नसून तिच्यामागे काही नियम आहेत, हे निःसंशय ठरते.

तथापि हे नियम भाषेचेच आहेत काय, ह्याविषयी मतभेद आहेत. स्टीव्ह फार्मर, रिचर्ड स्प्रोट व मायकेल विट्झेल यांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले, की सिंधू चिन्हे ही लिपी नसून धार्मिक वा सामाजिक संकेतचिन्हे असावीत. लेखांचा आखूडपणा, दीर्घ लेखांचा संपूर्ण अभाव आणि अत्यल्प वेळा येणाऱ्या चिन्हांची मोठी संख्या हे त्यांचे मुख्य आधार होते. राजेश राव, महादेवन् व टाटा संस्थेतील संशोधक यांनी २००९ मध्ये सोपाधिक एंट्रॉपीचा, म्हणजे एक चिन्ह ठाऊक असता पुढील चिन्हाविषयी उरणाऱ्या अनिश्चिततेचा, आधार घेऊन त्यास उत्तर दिले. हे माप सिंधू लेखांच्या बाबतीत संस्कृत, तमिळ, सुमेरी व इंग्रजी ह्यांच्या जवळ, तर जनुकद्रव्यातील घटकक्रम व संगणकीय आज्ञावली ह्यांपासून दूर पडत असल्याचे त्यांनी दाखविले. भाषा नसलेल्या चिन्हपद्धतींतही एंट्रॉपीचे असे मूल्य येऊ शकते, असा आक्षेप स्प्रोट यांनी घेतला. राव व सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की हे माप म्हणजे निर्णायक सिद्धता नसून इतर लक्षणांसह भाषेची शक्यता वाढविणारा पुरावा आहे.

ह्या वादाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. सिंधू संस्कृतीतील लोकांची भाषा द्राविडी होती, आर्यभाषाकुलातील होती की अन्य कोणत्या कुलातील, ह्या प्रश्नाशी भारताच्या प्राचीन इतिहासाविषयीच्या तीव्र भावना निगडित आहेत. तमिळनाडू शासनाने जानेवारी २०२५ मध्ये ह्या लिपीच्या वाचनासाठी दहा लक्ष अमेरिकन डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. लेखान्तीच्या चिन्हांतील अल्प विविधतेवरून अंती प्रत्यय लागणाऱ्या भाषेचे अनुमान कोणी काढले, तरी तेवढ्याने भाषाकुल ठरत नाही. द्राविडी भाषांत प्रत्यय अंती लागतात, तसेच ते संस्कृत व सुमेरी ह्या भाषांतही लागतात. शिवाय मुद्रांवरील अंतिम चिन्ह हा व्याकरणाचा प्रत्यय नसून पदवी वा अधिकारवाचक खूणही असू शकेल.

व्हॉयनिच हस्तलिखित : शब्दांतर्गत वितरणाची नियमितता प्रमाणाबाहेर असणे हेही गूढ ठरू शकते. व्हिल्फ्रिड व्हॉयनिच ह्या ग्रंथविक्रेत्याने १९१२ मध्ये मिळविलेले व आता येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेले सचित्र हस्तलिखित अज्ञात लिपीत आहे. त्याच्या चर्मपत्राचा काळ २००९ मधील कार्बन चाचणीने १४०४ ते १४३८ असा ठरला आहे. त्यात ३५,००० हून अधिक शब्द असल्याने मोजणीस सामग्री भरपूर आहे. त्यातील इंग्रजी ‘चार’ ह्या आकड्यासारखे दिसणारे चिन्ह जवळजवळ नेहमी शब्दारंभीच येते व त्यानंतर बहुतेक वेळा वर्तुळाकार चिन्ह येते. ‘नऊ’ ह्या आकड्यासारखे चिन्ह शब्दान्ती विपुल आहे. काही चिन्हे ओळीच्या शेवटी, तर काही परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत अधिक आढळतात. मागील चिन्ह ठाऊक असता पुढील चिन्हाविषयी उरणारी अनिश्चितता युरोपीय भाषांतील लेखनापेक्षा बरीच कमी असल्याचे विल्यम बेनेट याने १९७६ मध्ये दाखविले. त्याच वर्षी प्रेस्कॉट करिअर याने हस्तलिखिताच्या निरनिराळ्या भागांत वितरणाचे दोन भिन्न प्रकार असल्याचे निदर्शनास आणले. एका वर्णास एक चिन्ह असे साधे गुप्तलेखन ह्या लक्षणांशी जुळत नाही. अनेक वर्णांस गुंतागुंतीचे चिन्हसमूह योजणारे गुप्तलेखन, कृत्रिम भाषा आणि अर्थशून्य बनावट मजकूर असे पर्याय सुचविले गेले आहेत. गॉर्डन रग यांनी २००४ मध्ये प्रत्ययांचे कोष्टक व भोके पाडलेला पुठ्ठा वापरून अर्थहीन पण तत्सदृश शब्द तयार करता येतात, असे दाखविले. उलट, मॉन्तेमुर्रो व झानेते यांनी २०१३ मध्ये शब्दांचे ग्रंथभर झालेले वितरण अर्थपूर्ण लेखनासारखे असल्याचे प्रतिपादन केले. कोणताही पर्याय सर्वमान्य झालेला नाही.

पद्धतीच्या मर्यादा : वितरणाची मोजणी तिच्या सामग्रीइतकीच विश्वसनीय असते. क्रीटमधील फाइस्टॉस येथे १९०८ मध्ये सापडलेल्या चकतीवर ४५ भिन्न चिन्हे आहेत, परंतु ती एकंदर सुमारे २४० वेळाच येतात. इतक्या अल्प नमुन्यावरून स्थानाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. दुसरी मर्यादा चिन्हांच्या यादीची. किंचित वेगळे दिसणारे दोन आकार हे एक चिन्ह की दोन, हे मोजणीपूर्वी ठरवावे लागते आणि त्या निर्णयानुसार पुढील सर्व आकडे बदलतात. तिसरी मर्यादा लेखनप्रकाराची. याद्या, हिशेब, दानलेख किंवा मुद्रा ह्यांतील चिन्हांचे वितरण सलग गद्यापेक्षा वेगळे असते. चौथी व सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी, की मोजणीने रचना कळते, अर्थ कळत नाही. वर दिलेल्या यशस्वी उदाहरणांत आकड्यांना नेहमी बाहेरच्या ज्ञानाची जोड मिळाली होती : प्रिन्सेपला दानलेखांच्या प्रथेची, बाउअरला सेमिटिक व्याकरणाची, व्हेंट्रिसला क्रीटमधील स्थलनामांची. सिंधू लिपीच्या बाबतीत अशी जोड अजून मिळालेली नाही. नव्या उत्खननात दीर्घ वा द्विभाषी लेख सापडल्यासच ती मिळण्याचा संभव आहे.

व्यावहारिक उपयोग : मुद्रणालयात खिळे जुळविण्याच्या काळी अधिक लागणाऱ्या अक्षरांचे खिळे संख्येने जास्त ओतले जात व ते जुळाऱ्याच्या हाताशी येतील अशा खणांत ठेवले जात. टंकलेखन यंत्रांचे कळफलक आखतानाही अक्षरांच्या वारंवारतेचा विचार करावा लागे. डेव्हिड हफमन याने १९५२ मध्ये दिलेल्या रीतीने वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देऊन संगणकातील माहिती कमी जागेत साठविता येते. शब्दलेखनातील चुका शोधणे, छापील वा हस्तलिखित अक्षरे यंत्राने ओळखणे आणि अनामिक लेखनाचा कर्ता किंवा काळ ठरविणे ह्यांसाठी चिन्हांचे स्थान व सान्निध्य उपयोगी पडते. अलीकडील भाषा-प्रतिमानेही मागील मजकुरावरून पुढील घटकाची संभाव्यता काढण्याच्या, म्हणजे मार्कॉव्ह व शॅनन यांनी दाखविलेल्या मार्गानेच चालतात. ज्या भाषांत मोजणीस पुरेसा लिखित मजकूर संगणकावर उपलब्ध नाही, त्या भाषांसाठी ही साधने दुबळी राहतात. भारतीय भाषांतील छापील ग्रंथ व जुनी दप्तरे बिनचूकपणे संगणकात आणण्याच्या कार्याला त्यामुळे विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.